ग्रीनलँडमार्गे यवतमाळ

माझ्या जुन्या रूममेटइतका विमानप्रवास केलेला आणि तरीही इतक्या वर्षांत विमानतळाची पायरी न चढलेला माणूस अख्ख्या टेक्ससमध्ये दुसरा सापडायचा नाही. सापडला, तर माझं डॅलसजवळच्या प्लेनोतलं घर मी त्याच्या नावावर करून देईन, हप्त्यांसकट. हा गृहस्थ शनिवारी पहाटे उठतो, अंघोळ करतो, इस्त्रीचा शर्ट घालतो, घरातल्या घरात बूट चढवतो आणि कॉम्प्युटरसमोर बसून डॅलसहून यवतमाळला निघतो. विमान चालवायचा खेळ आहे तो, पण त्याच्यासमोर ‘खेळ’ म्हणायची सोय नाही. विमान खऱ्या वेगाने जातं, पोचायला संध्याकाळ होते. त्यामुळे ते अटलांटिकवर असताना वैमानिक इंडियन ग्रोसरीत कोथिंबिरीच्या जुड्या हुंगत असतो. एकदा माझ्या बायकोने त्याला सकाळी पोहे खायला बोलावलं, तर म्हणाला, “वहिनी, दहाला नाही जमणार. दहाला मी ग्रीनलँडवर असेन. आइसलँड गेलं की येतो.” आणि आला, तोही वाटेत हवा कशी होती ते सांगत.

या वेडामागचं कारण मात्र हसण्यासारखं नाही. त्याच्या व्हिसाचं काम असं लटकलंय, की देशाबाहेर गेला तर परत येता येईल याची हमी वकीलसुद्धा देत नाही. यवतमाळला आई एकटी. तिचे गुडघे गेले, म्हणून दिवाळी झाली की तिने कायमचं नागपूरला लेकीकडे जायचं आणि घर विकायचं असं यंदा ठरलं. “घर सुटायच्या आधी मी एकदा येतो,” असा शब्द याने तिला कधीचा देऊन ठेवलेला. खरं जाणं शक्य नव्हतं. तेव्हा आपल्या विमानाने तरी जायचंच, असं त्याने ठरवलं. अडचण एवढीच, की त्याच्या जुन्या खेळात यवतमाळ म्हणजे जमिनीवर सांडलेलं वरण दिसायचं. नव्या खेळात म्हणे गच्ची अन् गच्ची ओळखू येते. पण त्याला भलंथोरलं ग्राफिक्स कार्ड लागतं, आणि याचं मशीन आमच्या एकत्र राहण्याच्या काळातलं, आम्ही जेवणाच्या टेबलावर जोडलेलं.

कार्ड आलं. “आता मशीनही नवं घे,” असं मी सांगून पाहिलं, पण वस्तू टाकणं त्याच्या धर्मात बसत नाही. त्याच्या कुकरला मूळचं म्हणावं असं फक्त झाकण उरलंय. “यार, मदरबोर्ड ठणठणीत आहे, कार्ड पण ठणठणीत आहे,” तो म्हणाला. “दोघांची ओळख व्हायची राहिलीय, बस.” ही ओळख काही केल्या होईना. कार्ड बसवलं की पंखे भिरभिरायचे आणि पडदा काळाठिक्कर. काढलं, की मशीन गरीब गाईसारखं सुरू. त्याने बायोस अपडेट केलं, म्हणजे बोर्डाला जन्मापासूनची समजूत बदलायला लावली. कार्डाला विजेची वेगळी केबल दिली. कार्ड माझ्या घरी आणून माझ्या कॉम्प्युटरवर चालवून पाहिलं, तिथे ते पहिल्या झटक्यात चाललं. या सगळ्यात तो बोर्डाला ‘अहो’ म्हणायचा आणि कार्डाला ‘अरे’. “तुम्ही ज्येष्ठ आहात, जरा सांभाळून घ्या,” अशी त्याची बोर्डाला विनवणी चाले आणि मी टॉर्च धरून बसे. दिवाळी तोंडावर आली तसा माझा संयम सुटला. “अरे, नवं मशीन मी घेऊन देतो, पण हे थांबव!” मी ओरडलो. तेव्हा माझा हात हलला आणि टॉर्चचा उजेड बोर्डावर कार्डासाठी असलेल्या खाचेत तिरपा पडला. आत काहीतरी लाल दिसलं.

ती अक्षता होती. तांदळाचा दाणा, कुंकवात माखलेला.

त्याची आई एकदाच अमेरिकेत आली होती, दसऱ्याला. तिने कॉम्प्युटरची पूजा करायला घेतली, तर या पठ्ठ्याने डबा आडवा करून त्याची बाजूच उघडून दिली. वरवर वाहिलेली फुलं आतपर्यंत कशी पोचणार, हा त्याचा रास्त प्रश्न. रिकाम्या खाचेत तेव्हापासून तो दाणा बसून होता. आईचा आशीर्वाद इतका घट्ट बसला होता, की नव्या कार्डाला आत सरकायला जागाच नव्हती. मी हसत सुटलो. तो हसला नाही. त्याने चिमट्याने दाणा अलगद काढला आणि देवापुढच्या वाटीत ठेवला. मग कार्ड बसवलं, आणि पडद्यावर निळं आभाळ उमटलं.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं त्याच्याकडे होतो. स्टीलच्या वाट्यांतून चिवडा देऊन त्याने आम्हाला पट्टे बांधायला सांगितले. खुर्च्यांना पट्टे नव्हते, तर बायकोने आपली ओढणीच कमरेला बांधली आणि मी पँटचाच पट्टा खुर्चीभोवती आवळला. यवतमाळात तेव्हा रविवारची सकाळ होत होती. धुक्यातून काळी शेतं वर आली, मग टेकड्या, मग कोवळ्या उन्हातलं गाव. इतकं सुंदर काही मी त्या खोलीत कधी पाहिलं नव्हतं. त्याने फोन लावून स्पीकरवर ठेवला. “आई, आलो. गच्चीवर ये.” फोनवरून बँकेचे व्यवहार करणारी बाई ती, विमान कुठे उडतंय हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी जिना चढतानाचे तिचे श्वास आम्हाला ऐकू आले.

“कुठून येऊन राह्यला रे बाप्पा?”

“टाकीच्या बाजूने.”

“दिसते काय मी?”

खाली राखाडी गच्ची होती आणि काळी टाकी. माणूस कुठेच नव्हतं. हा माणूस विमानाची साधी उंचीसुद्धा कधी फूटभर वाढवून सांगत नाही.

“दिसतेस ना,” तो म्हणाला. “हात हलवतेस.”

“मग उतर की खाली. चहा टाकते.”

त्याने विमान हळूच कलतं केलं आणि गच्चीभोवती वळण धरलं.

“एक चक्कर मारून येतो, आई.”

पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज झाला. “मार,” ती म्हणाली. “मी हाओ इथंच बसून.”

तो चकरा मारत राहिला. आम्ही वाट्या खाली ठेवल्या आणि पट्टे मात्र सोडले नाहीत.