आत्याचं घंगाळ

मंडळी, आज भाड्याच्या कॅम्पर व्हॅनने मुळशीत फिरत होतो. सोबत माझ्या मित्राची, रिह्याची आत्या. वाटेत पोह्यांच्या एका कारखान्यात टूर होती, म्हणून शिरलो.

तिथे एका टेबलावर तांब्याचं घंगाळ चकचकीत घासून ठेवलेलं. गाइड म्हणाला, "आमच्या मालकांच्या पणजीने यातच पोह्यांसाठी पहिल्यांदा भात भिजवलं."

आत्या पुढे झाली आणि काठावरचा कंपनीचा स्टिकर तिने नखाने खरवडून काढला. खाली तिच्या सासऱ्यांचं नाव कोरलेलं. गावच्या प्रदर्शनाला दोन दिवस हवंय म्हणून याच मालकाने ते नेलं होतं आणि नंतर हरवलं म्हणून हात झटकले होते.

सगळ्यांच्या हातात चवीला दिलेले पोहे होते. आत्या शांतपणे म्हणाली, "ह्यात आमचं मामंजी रोज आंघुळीचं पानी घ्यायचं."

चमचे थांबले. मालक धावत आला, केबिनमध्ये बसून बोलू म्हणाला.

"बोलायचं काय त्यात? उचल रं," आत्या मला म्हणाली.

घंगाळ आता व्हॅनच्या बेडवर आहे. त्यांचा स्टिकर मी रिकाम्या टेबलावर नीट चिकटवून आलो.

तुमच्या घरून कुणी काही 'दोन दिवसांसाठी' नेलंय का? पत्ता कळवा. व्हॅन उद्या संध्याकाळपर्यंत आपल्याकडेच आहे.