दीड मीटर जाडीची भिंत

शारजातल्या एका ऑफिसात मी नकाशे काढते. बहुतेक व्हिला आणि गोदामं. मागच्या वर्षी इंग्लंडमधल्या एका जुन्या दगडी फार्महाऊसचं काम आलं. मालकीणबाई सत्तरीच्या, नवरा गेल्यापासून एकट्या. घर आहे तसं नकाशावर उतरवायचं होतं; मोजमापं आणि फोटो तिकडच्या सर्व्हेअरने पाठवले होते.

पहिला आराखडा गेला आणि बाईंचा फोन आला.

"तुम्ही माझं घर सरळ केलंत," त्या म्हणाल्या.

खरंच होतं. आमच्याकडे ब्लॉकच्या भिंती, वीस सेंटिमीटर, काटकोनात. सवयीने मी तिथल्याही तशाच बसवल्या होत्या. मूळच्या भिंती चुन्यात रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या, खाली रुंद, वर निमुळत्या. छपरावरही दगडाच्याच पातळ लाद्या, खाली मोठ्या, वर लहान. मला लाज वाटली. आठवडाभर बसून एकेक भिंत होती तशी वाकडी काढली.

ते करताना दिसलं की स्वयंपाकघराची आतली आणि बाहेरची मापं जुळत नाहीत. सगळ्या भिंती साठ-सत्तर सेंटिमीटरच्या, पण चुलीशेजारची एकटी दीड मीटर भरत होती.

"सर्व्हेची चूक असणार," बॉस म्हणाले. "खलास, विषय संपला, पाठवून दे."

मला पाठववेना. मी बाईंना फोन लावला. "त्या भिंतीवर जरा ठोकून बघता का?"

फोन टेबलावर ठेवून त्या गेल्या. लांबून टकटक ऐकू आली. परत आल्या तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता. "एका जागी पोकळ वाजतंय."

पंधरा दिवसांनी गवंड्याने तिथले चार दगड काढले. आत घुमटासारखी भट्टी निघाली, पाव भाजायची. काजळी अजून हाताला लागत होती. "लग्न होऊन आले तेव्हापासून या भिंतीला पाठ टेकून चहा पितेय," बाई फोनवर म्हणाल्या.

शेजारच्या अजमानला घरी आल्यावर मी मुलीला बाईंनी पाठवलेला भट्टीचा फोटो दाखवला. "इट्स जस्ट अ होल, आई," ती म्हणाली. मी हसले, पण जेवतानाही तो फोटो दोनदा उघडला.

भट्टीची मापं बाईंनी स्वतः घेतली. टेप आत सरकवून त्या आकडे सांगत होत्या, मी इथे लिहून घेत होते. मध्येच म्हणाल्या, "बाही काळी झाली, थांबा." घुमटाची ती गोलाई काढायला मला पूर्ण दिवस लागला. बॉसनी बघितलं, मग नकाशा मोठा करून पुन्हा बघितला.

नंतर बाईंचा मेल आला. भट्टीत पहिला पाव भाजला होता. खालून करपला, वरून कच्चा राहिला, तरी त्यांनी सगळा खाल्ला.