राखणेचा कोंबडा आणि मूठभर तांदूळ

विश्वासाने एकत्र बसणाऱ्या माणसांकडे सांगण्यासारखं फारसं नसतं, असं मला आता म्हातारपणी वाटतं. एकमेकांवर डोळा ठेवून बसलात की गोष्टी आपोआप साठतात. आमच्याकडे तर पायलीने साठल्या. मला लिहिता येत नाही, सूनबाई लिहून घेतायत. त्याही मधूनच मान वर करून बघतात, मामंजी खरं सांगतायत की रचून!

जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, तेव्हाची ही हकीकत. आचऱ्याच्या अलीकडे, खाडीच्या कडेला आमची वाडी. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या, मजुरी बंद; चूल पेटायची ती रेशनच्या तांदळावर. आणि रेशनचं दुकान शेटच्या हातात. म्हणून आमची 'कमिटी' झाली. कमिटी म्हणजे मासे विकणारी नर्मदा, वर कातळाच्या सड्यावरचा धाकू धनगर आणि मी, बाबल. सही एकालाही येत नव्हती. संशय मात्र तिघांनाही भरपूर यायचा!

शेटच्या दुकानावर एक पाटी होती. गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत शेट तिच्याकडे बोट दाखवायचा. धाकूने एकदा रस्त्याने जाणाऱ्या मास्तरांकडून ती वाचून घेतली. 'तांदूळ शिल्लक नाही.' धाकू जवळ गेला, अक्षरांवरून बोट फिरवलं.

"शेट, ह्या खडून नाय लिवलेला?"

"नाय रे. ऑइल पेंट. खडू पावसात जाता."

धाकूने पाटीवर नख घासून बघितलं. "मगे तांदूळ इल्यार पुसतलास कसा?"

कुडाळहून एक कार्यकर्ता यायचा. तरुण पोरगा, खांद्याला झोळी, चपलेला खिळा मारलेला. ओसरीवर बसून सांगायचा, "अन्न हा तुमचा हक्क आहे. कोणाची मेहेरबानी नाही."

नर्मदा म्हणाली, "भाऊ, तो हक्क शिजाक किती वेळ लागता?"

"शिजतो लवकर, आक्का. भिजत घालायला वेळ लागतो!"

आम्ही हसलो. धाकू हसला नाही. पोरगा गेल्यावर म्हणाला, "वर्गणी मागणा नाय, मतां मागणा नाय. ह्यो नक्की कायतरी मोठा मागतलो!" पुढे कित्येक महिने तो पोरगा येऊन गेला की धाकू आपल्या शेळ्या मोजायचा.

मग तक्रारीसाठी मालवणच्या कचेरीत जायचं ठरू लागलं. आणि चमत्कार असा, की ज्या दिवशी आम्ही निघणार, त्याच सकाळी दुकान उघडं! शेट तराजू घेऊन हसत बसलेला. "कसली तक्रार, बाबल? घे ना तांदूळ." दोन घरांना मिळायचा, की परत पाटी.

म्हणजे आमच्यात फितूर होता. कोण? नर्मदा माझ्याशी बोलेना, मी धाकूशी बोलेना. शेवटी तो पोरगाच एकदा दुकानासमोर उभा राहिला आणि कुंपणाकडे बघून डोक्याला हात लावला. धाकूकडे सदरा एकच. एरवी तो घोंगडीवर भागवायचा. मालवणला जायचं म्हणून उघडीप बघून आदल्या दिवशी सदरा धुवायचा आणि वाळत घालायचा तो शेटच्या समोरच्या कुंपणावर!

तरी संशय काही गेला नाही. नर्मदा म्हणाली, "सदरो मुद्दाम थंय घातलो नसात कशावरना?" त्यामुळे पुढे दुकानावर पाळत ठेवायची ठरली, तेव्हा धाकू नर्मदेवर लक्ष ठेवून होता, नर्मदा माझ्यावर आणि मी धाकूवर. दुकानाकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. भर दुपारी शेटची बैलगाडी गोणी भरून आमच्या मधून निघून गेली. मी बैलांना बाजूला होऊन वाट दिली!

एक गोण मात्र फाटकी होती. रस्त्यावर पांढरी रेघ उमटत गेली. नर्मदा वाकून वाकून चिखलातून दाणे वेचत राहिली. धुऊन, वाळवून, पत्र्याच्या डब्यात ठेवले. मूठभर भरले. "ह्यो पुरावो," म्हणाली. "कोणी हात लावाचो नाय."

शेवटी मालवणच्या कचेरीतून तपासणीला साहेब आले, ते आधी शेटकडे जेवले. ढेकर देतच बाहेर आले. नर्मदेने डबा पुढे केला.

साहेबांनी दाणे बोटांवर घेतले. "बाई, मूठभर तांदूळ कुठलेही असू शकतात. तुमच्याकडे सापडले, त्याला काय अर्थ? त्यांच्या आवारात सापडले असते तर गोष्ट वेगळी."

"साहेब, जेवणात भात होतो?"

"हो. छान मोकळा होता."

"तो खंयचो, ता नाय इचारलास?"

साहेब जीपमध्ये बसले.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. वाडीत टाकळ्याचा पाला आणि कुळथाची पातळ पिठी. नर्मदेची पोरं जेवताना ताटाकडे बघत नसत, फळीवरच्या डब्याकडे बघत. धाकू येता-जाता डबा हलवून बघायचा.

"शिजवलंस तर नाय मा?"

"आवाज आयक आणि ठेव थंय," नर्मदा म्हणायची. "इश्वास नसात तर घराक घेवन जा."

धाकू नेत नसे. नेला असता तर स्वतःवरच विश्वास नव्हता, असं त्यानेच मला सांगितलं.

आषाढ सरत आला तशी राखण आली. आमच्याकडे वाडी राखणाऱ्या देवाला, राखणदाराला, वेशीवर कोंबडा द्यायचा, तिथेच शिजवायचा आणि तिथेच जेवायचं. त्या वर्षी कोंबडा द्यायचा मान शेटचा. आदल्या दिवसापासून कोंबडा शेटच्या पडवीत बांधलेला. सकाळी मी आणि नर्मदा तांदूळ मागायला गेलो. शेटने पाटीकडे बोट दाखवलं. नर्मदा पाय दुखतात म्हणून पडवीच्या पायरीवर टेकली, कोंबड्याच्या बाजूला, पदर सावरत.

"गो, कोंबड्याक काय बघतंस?" शेट आतून म्हणाला.

"बघतंय, ह्येका तरी पोटभर गावता काय!"

संध्याकाळी सगळे पुरुष वेशीवर जमले. कुडाळचा पोरगाही आला होता. गावकर म्हणजे आमच्या गावचे मानकरी, त्यांनी गाऱ्हाणं घातलं. "बा राखणदारा म्हाराजा! ह्या वाडीतल्या गरिबाच्या तोंडातलो घास जो कोण काढीत आसात, तेका उजेडात हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज शेटचा.

कोंबडा साफ करायचं काम धाकूचं. त्याने गळ्याखालची दाण्यांची पिशवी कापली आणि केळीच्या पानावर उलटी केली.

आमचा गावठी तांदूळ लाल. पानावर पडला तो रेशनचा, पांढराफेक!

गावकरांनी एकदा पानाकडे बघितलं, एकदा शेटकडे.

"सुटलो आसतलो मेलो!" शेट ओरडला. "मागल्या खोलयेत गोणी आसत, थंय शिरलो आसतलो!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं. गावकर तराजूपाशी, पोरगा दारात. सगळी वाडी रांगेत. माझ्या मागे नर्मदा, हातात तोच डबा. धाकू आपल्या सवयीने आला, तिच्या हातातून डबा घेऊन कानाशी हलवला.

आवाज आला नाही.

धाकूने माझ्याकडे बघितलं. मी नर्मदेकडे बघितलं.

"बाबलदादा," ती म्हणाली, "फुडे सरक."