सैदापेट यायच्या आत

कुणी बोलता बोलता लांबण लावली की सार उजवा तळहात हळूच वर करायचे आणि म्हणायचे, "सैदापेट आलें." मग माणूस कितीही तावात असो, थांबायचा. मीसुद्धा थांबलो. मला थांबवणं माझ्या बायकोलाही आजवर जमलेलं नाही.

सार म्हणजे चेन्नईत वेस्ट मांबलममधल्या आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारे गृहस्थ. एका मोठ्या कारखान्यात माणसं नेमण्याच्या खात्यातून निवृत्त झालेले. शेजारी सगळे त्यांना 'सार' म्हणत, म्हणून आम्हीही. घराणं तंजावरचं. त्यांचं मराठी आमच्या कोल्हापुरी कानांना जुन्या दस्तऐवजातून उठून आल्यासारखं वाटायचं, आणि प्रत्येक गोष्टीचा शेवट तमिळ 'सेरि'वर व्हायचा. 'सेरि' म्हणजे 'बरं'. ते कोणत्या सुरात म्हटलंय त्यावरून पास की नापास ते कळायचं. गल्लीत कुणालाही मुलाखतीचं बोलावणं आलं की तो आधी सारांचा जिना चढायचा.

ती वर्षं अशी होती की अख्ख्या चेन्नईला कॉम्प्युटरच्या नोकऱ्या लागत होत्या आणि मी घरी बसलो होतो. पत्र्याची ट्रंक घेऊन या शहरात आलेला माणूस मी. तमिळ शिकलो ते भंगारवाल्यांशी घासाघीस करताना. भागीदारीत पंपांचे सुटे भाग करणारा कारखाना उभा केला. आणि एके सकाळी भागीदारानं फाटकावरच्या पाटीवर रंगाचा ब्रश फिरवून माझं नाव पुसलं. त्याचं नाव इथे लिहीत नाही. त्यानं माझं पुसलं, मी त्याचं फुकट का छापू?

मुलगी नुकतीच कॉलेजात गेली होती. घरात कमावणारा मी एकटा. पन्नाशीला टेकल्यावर मला आयुष्यातला पहिला अर्ज लिहायचा होता.

नुंगंबाक्कमच्या एका ऑफिसात पहिली मुलाखत झाली. "आधीचं काम का सोडलंत?" एवढंच त्यांनी विचारलं. मी भागीदाराची कुंडली मांडली, टेबलावर हात आपटला, आणि त्यांनी नोकरी देऊ केलेली नसताना पगार वाढवून मागितला. त्यांनी मला पाणी दिलं.

"वरच्या सारांकडे जा," बायको म्हणाली.

"मी किती माणसं कामाला ठेवली ठाऊक आहे तुला? ते मला काय शिकवणार?"

"तुम्ही ठेवलीत. तुम्हाला कुणी ठेवून घेतलंय का कधी? मी सोडून."

गेलो. सार वेष्टी नेसून खिडकीशी बसले होते. माझा बायोडाटा त्यांनी सावकाश, पानं उलटून दोनदा वाचला.

"कोल्हापूरवाले, ह्यांत तुम्ही कुठें आहांत? त्यानें हें केलें, त्यानें तें केलें. ह्या कागदाला नोकरी लागली तर ती तुमच्या भागीदारास लागेल."

मला चीड आली. पण कागद पुन्हा पाहिला तर खरंच, माझं नाव फक्त वरच्या ओळीत होतं. मग त्यांनी पेन घेतलं. 'कष्टाळू', 'प्रामाणिक' खोडलं. "हें दुसऱ्यानें म्हणायचें." 'छंद : वाचन' यावर त्यांचं बोट थांबलं.

"काय वाचतां?"

"दरपत्रकं."

ते हसले आणि तेही खोडलं. मग विचारलं, "लोखंड महागलें तेव्हां काय केलेंत?" मी सांगितलं : कोइमतूरच्या फाउंड्रीत ठाण मांडून बसलो, मालकाच्या घरी जेवलो आणि जुनाच भाव वर्षभर टिकवला. "हें लिहा. हें कुठें लपवलें होतेंत?" तीन पानांचं एक पान झालं. त्यात भागीदार नव्हता, आणि गंमत म्हणजे अडलं कुठंच नाही.

"फी काय घेणार?" मी विचारलं. फुकट मिळणाऱ्या मालात खोट असते, हा माझा धंद्यातला नियम.

"फी नाही. तिकीट मात्र तुम्हीच काढायचें."

कसलं तिकीट ते दुसऱ्या दिवशी कळलं. मांबलम स्टेशनवर सार पॅंट, इस्त्रीचा शर्ट आणि चमकते बूट घालून हजर, जणू मुलाखत त्यांचीच होती. गाडी सुटली की ते विचारणार, "काम कां सोडलेंत?" आणि सैदापेट यायच्या आत माझं उत्तर संपलं पाहिजे. सैदापेट पुढचंच स्टेशन. तिथं ते उतरून परतीची गाडी धरणार. उतरल्यावर हात हलवायचे नाहीत. खिडकीकडे बघून नुसती कॉलरची गुंडी चाचपायचे, म्हणजे तुमची लावा. त्यापुढे नदीवरचा पूल आणि मग गिंडी, कारखान्यांचा भाग. पुलावर मी एकटा. ज्याला तयार करायचं त्याला ते असंच न्यायचे.

पहिल्या दिवशी सैदापेट आलं तेव्हा मी भागीदाराची ओळख कुठे झाली तिथवरच पोचलो होतो. सारांचा तळहात वर. पुढच्या खेपेला मी चिडलो. "तुम्हाला काय जातंय? पाटीवरनं नाव माझं गेलंय!" अख्खा डबा बघायला लागला.

सारांचा आवाज जराही चढला नाही. "तुमची बाजू खरी आहे. म्हणूनच ती परक्यास फुकट देऊं नका. भाव करायला बसतां तेव्हां पहिल्याच वाक्याला सगळा माल उघडतां काय?"

तुम्ही कधी मोठा सौदा केला असेल तर माझं काय झालं ते तुम्हाला कळेल. आजवर सगळ्यांनी मला शांत राहायला सांगितलं होतं. हा पहिला माणूस माझ्या भाषेत बोलला.

गिंडीच्या एका कारखान्याला खरेदी बघणारा माणूस हवा होता. मुलाखतीच्या सकाळी गाडी सुटताच सारांनी प्रश्न टाकला. मी उत्तर दिलं आणि संपवलं. सैदापेट अजून दिसतही नव्हतं. सारांनी तळहात मांडीवरच ठेवला. मग सैदापेट आलं. "सेरि," ते म्हणाले आणि उतरले.

मालकानं तमिळमध्ये तोच प्रश्न केला. मी म्हणालो, "दोघांनी कारखाना उभा केला, आता भागीदार एकटा चालवतो. मला खरेदी येते, ती करायला आलोय."

"मी ओळखतो त्यांना," मालक म्हणाले. "तुमचं डोकं फार तापतं म्हणतात."

ओठांवर सगळं आलं. पाटी, ब्रश, सगळं. मला सारांचा तळहात दिसला.

"तापतं," मी म्हणालो. "माल खराब आला की तापतं."

मालक हसले, आणि पगाराचं बोलणं त्यांनीच काढलं.

संध्याकाळी म्हैसूरपाक घेऊन वर गेलो. सारांनी एक तुकडा उचलला. "पगाराचें आधीं कोण बोललें?"

"ते."

"सेरि."

त्यानंतर पुष्कळ वर्षं सकाळच्या गाडीत ते मला दिसायचे, शेजारी कुणीतरी घाबरलेलं, हातात फाइल. मग त्यांचे गुडघे थकले आणि त्यांच्या मुलीनं त्यांना होसूरला आपल्या घरी नेलं. ते गेल्याचं तिनंच फोनवर कळवलं. मला पुष्कळ बोलायचं होतं. "तुझ्या वडिलांनी मला कामाला लावलं," एवढंच म्हणालो. पलीकडून ती रडता रडता हसली. "संपलं एवढ्यात?" म्हणाली. "अप्पांनी तुम्हालाही नेलं होतं वाटतं गाडीनं."

भागीदाराला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. मांबलमहून गाडी सुटली की मी अजून मनातल्या मनात त्याला धारेवर धरतो. सैदापेटला गाडी थांबते. मी खिडकीतून फलाटावर बघतो, आणि कॉलरची गुंडी लावतो. मग पूल येतो.