चौथ्या शीलाची फेरी

आम्हा आंबेडकरी बौद्धांकडे चमत्कार मानत नाहीत. बुवाबाजीविरुद्ध मी स्वतः पत्रकं लिहिली आहेत, नागपूरच्या वस्त्यांतून दारोदार वाटली आहेत. त्यामुळे हा अनुभव लिहायला दोन वर्षं कचरले. आपलेच लोक हसतील असं वाटायचं. हसू देत. घडलं ते घडलं.

त्या काळी मी दोनच गोष्टी करत होते, पळणं आणि भांडणं. मैदानाच्या कमिटीतले एक काका सगळ्यांसमोर म्हणाले होते, "पोरींनी शंभर-दोनशे मीटर पळावं. तीन हजार त्यांना झेपत नाही." मी लगेच पत्रक काढलं, 'आम्ही कुणालाही शरण जाणार नाही.' आईनं ते मिरच्यांचे देठ खुडता खुडता वाचलं आणि विचारलं, "मंग रोज सकायी विहारात कोणाले शरण जातं वं?" मी चिडले.

तीन हजार मीटर म्हणजे सुरुवातीची अर्धी फेरी आणि पुढे सात. दमले की माझी मोजणी चुकायची. त्यावर उपायही आईनंच काढला. "आठ तर हायेत. तीन शरण, पाच शील. येका फेरीले येक म्हण." अर्ध्या फेरीला बुद्ध, मग धम्म, संघ, मग एकेक शील. मी ते निव्वळ मोजमाप म्हणून घेतलं. भक्तीबिक्ती काही नाही.

आंतरराष्ट्रीय ज्युनियर स्पर्धेसाठी माझी निवड झाली, तेव्हा तेच काका म्हणाले, "जाऊन ये. शेवटची आलीस तर पोरींची सकाळची वेळ बंद." हसत म्हणाले, पण करतील हे मला ठाऊक होतं. त्या वेळेला आम्ही अकरा मुली पळायचो.

परक्या देशातलं ते मैदान. मी सहावी होते, बाकीच्या माझ्या खूप मागे. तिसरं शील संपत आलं आणि शेवटच्या फेरीची घंटा वाजली. उरलेल्या फेऱ्या दाखवणाऱ्या पाटीवरही एकच फेरी दिसत होती. पुढच्या पाचही जणी जीव तोडून सुटल्या. माझ्या हिशेबानं अजून दोन फेऱ्या उरल्या होत्या. एका बाजूला घंटा, पाटी, पंच आणि त्या पाच जणी. दुसऱ्या बाजूला मिरच्या खुडणारी माझी आई.

एरवी मी पंचांशी भांडले असते. तेव्हा भांडायला श्वासच नव्हता. आणि मनात आपोआप पुढचं शील आलं, चौथं. खोटं बोलण्यापासून दूर राहीन.

आतला सगळा गोंगाट थांबला. मी घंटेचं ऐकलं नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या डोक्याचंही ऐकलं नाही. त्या शब्दांच्या हवाली झाले आणि त्याच चालीनं पळत राहिले.

रेषेपाशी पोहोचले तर पाचही जणी थांबलेल्या. एक खालीच बसली होती. पंच दोन्ही हात हलवून ओरडत होते, अजून एक फेरी आहे. मी त्यांच्यामधून निघून गेले. पाचवं शील म्हणत. त्यांतली एक सावरली आणि शेवटच्या टप्प्यात माझ्यापुढे गेली. मी दुसरी आले.

बाकीच्या फसल्या म्हणून तू आलीस, असं कुणी म्हणेल. खरं आहे, त्या माझ्याहून वेगवान होत्या. पण घंटा मलाही तीच ऐकू आली होती.

हा चमत्कार होता का, याच्यावर मी वाद घालणार नाही. पंचांची चूक होती, हे मीच सांगते. मात्र शरण जाणं म्हणजे हरणं नव्हे, हे मला त्या फेरीत कळलं, आणि ते कळल्याचे उपकार मी विसरणार नाही. आता सकाळी मैदानावर एकोणीस मुली पळतात. गेटचं कुलूप काकाच उघडून देतात, तोंड वाकडं करून.

घरी आले तेव्हा आई देठच खुडत होती. मी पदक तिच्या हातात दिलं आणि शर्यतीत काय झालं ते सांगितलं. तिनं ते उलटसुलट करून पाहिलं.

"घंटा वाजली तरी तू जोरानं काहून नाही पळाली वं?"

"शरण गेली होती."

पदक परत देताना ती एवढंच म्हणाली, "डोयाले नको लावू. मिरचीचे हात हायेत माहे."

मी लावलंच.