गाडीला राहिलेली किल्ली

येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला, आमच्या गावात कुत्रंसुद्धा राहत नाही. सगळे शिवारात. कडब्याच्या कोपीत पूजा, मग शेंगा-भाज्यांची भज्जी नि आंबील, आणि बांधावरून जो जाईल त्याला हाका मारून जेवायला बसवायचं. गाड्या बांधाला उभ्या, किल्ल्या गाडीलाच. त्या दिवशी कुणी कशाला हात लावत नाही, एवढं सगळ्यांनी गृहीत धरलेलं.

त्या येळवशीला मी तीन तांबे आंबील प्यालो होतो. ज्वारीचं पीठ नि ताक आंबवून केलेली ती आंबील डोक्यात चढतेच. उगीचच हसू येत होतं. नववीतला माझा मुलगा शेजारच्या शेतातल्या काकांच्या नव्या मोटारसायकलीभोवती घिरट्या घालत होता. मी डोळा मारला. "बघतोस काय? किल्ली लावलेलीच हाय की."

हे माझं नेहमीचंच. तो लहान असताना दुसऱ्याच्या रानातला ऊस घेऊन आला, तर "लई हुशार माझं पोरगं" म्हणत मी चार घरी सांगत फिरलो होतो. बायको चिडायची. आम्ही बापलेक फिदीफिदी.

गाडी सुटली. ढेकळांवरून उडत, मागं धुळीचा लोट. मी टाळ्या वाजवल्या!

तासाभरानं फोन आला. पोराला उमरग्याकडच्या हायवेवर पोलिसांनी धरलं होतं. काका आणि मी दुसऱ्या गाडीवर निघालो. काका वाटभर, "चोरीची केसच करतो बघ." मी गप्प. ठाण्यातही गप्प. वर सगळ्यांदेखत पोरालाच म्हणालो, "कुठं शिकलास रं असले धंदे?"

त्यानं माझ्याकडं बघितलं.

हवालदारानं कागद पुढं ओढला, पेनाचं टोपण काढलं, आणि माझी आंबील खाडकन उतरली.

"साहेब, थांबा. गाडी म्या दिली."

"गाडी माझी!" काका ओरडले. "देणारा तू कोण रं?"

"मीच सांगितलं त्याला, काका. बारका होता तवापासून मीच सांगत आलोय."

हवालदार काकांकडं वळला. "मग आत कुणाला घ्यायचं? बापाला?"

पोरगं फसकन हसलं. मग काका हसले. मीही हसलो, डोळे पुसत पुसत.

केस झाली नाही. पुढच्या येळवशीला काकांनीच हाक मारून मला पोटभर आंबील पाजली. गाडीची किल्ली मात्र त्यांच्या करदोट्याला बांधलेली होती. मी बांधाबांधानं बघत घरी आलो. एकाही गाडीला किल्ली नव्हती.