शेळीवाल्याचा निकाल

म्हातारी अन् मी शेवटचं सोबत गेलो ते हिंगोलीला, नातीला घेऊन, तिचा अकरावीचा फॉर्म आणायला. म्हातारीला नात डॉक्टर करायची होती. मी म्हणायचो, "जीवशास्त्र काहून? गणित घेऊ दे." परतीच्या जीपमधेबी आमचं तेच भांडण.

समोरचा धनगर गाभण शेळीची पाठ चोळत ऐकून राहिला होता. तेवढ्यात शेळी अडली, पिल्लू बाहेर येईना. "माझा पंजा मोठा. पोरी, तुझा हात लहान, घाल," तो म्हणाला.

नातीनं पिल्लू काढलं. चक्कर मला आली.

धनगर म्हणाला, "जीवशास्त्र पोरीला द्या, गणित आजोबाला."

म्हातारी आमच्या गोरेगावपर्यंत हसली. संध्याकाळी बसल्या जागी गेली.

सकाळी, तिला उचलायच्या आधी, नातीला फॉर्मवर जीवशास्त्र लिहायला लावलं अन् खाली सही ठोकली.